कालवांची शिरगणती करणारा प्राध्यापक

एक कालव एका हंगामात दहा लाखांच्या आसपास अंडी घालतं. एवढी वीण असलेला प्राणी संपेल कसा, असं कुणालाही वाटावं. समुद्रातून कितीही उपसा, चार-दोन वर्षांत खळगा भरून निघेल, अशीच एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात कोळ्यांची, व्यापाऱ्यांची आणि सरकारी अधिकाऱ्यांचीही समजूत होती. ही समजूत कागद-पेन्सिल घेऊन, शाळेतल्या त्रैराशिकाने खोडून काढली ती कार्ल मोबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. (गणितात ज्यांच्या नावाची पट्टी प्रसिद्ध आहे ते मोबियस वेगळे.) कालवांचा हा हिशोब मांडताना त्यांच्या हाती आणखी एक कल्पना लागली. आज पर्यावरणशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ती पहिल्या काही पानांत भेटते. कोणताही जीव एकटा जगत नाही, तो शेजाऱ्यांसह जगतो आणि शेजार बिघडला की तोही बिघडतो, ही ती कल्पना.

समुद्रापासून दूर

मोबियस यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८२५ रोजी सॅक्सनी भागातल्या आयलेनबुर्ग या गावी झाला. गाव समुद्रापासून बरंच आत. बाराव्या वर्षी वडिलांनी त्यांना शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणाला घातलं. १८४४मध्ये उत्तम गुणांनी परीक्षा देऊन ते हार्त्झ पर्वताच्या पायथ्याशी झेसेन या गावी शाळामास्तर झाले. आयुष्य तिथेच सरलं असतं. पण अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांची प्रवासवर्णनं त्यांच्या वाचनात आली आणि दूरदेशीचे प्राणी पाहण्याची ओढ लागली. १८४९मध्ये नोकरी सोडून ते बर्लिनला गेले आणि निसर्गविज्ञान शिकू लागले. तेव्हा ते चोविशीत होते.

शिक्षण झाल्यावर १८५३मध्ये हॅम्बुर्गच्या योहानेउम या नामांकित शाळेत त्यांना जागा मिळाली. पेशा पुन्हा मास्तरकीचाच, पण आता शेजारी मोठं बंदर होतं. मोत्यांवर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. १८६३मध्ये हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात जर्मनीतलं पहिलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

याच काळात हाइनरिश आडोल्फ मायर हे हॅम्बुर्गचे कारखानदार त्यांचे मित्र झाले. मायर यांच्याकडे पैसा होता, नाव होती आणि समुद्राचं वेड होतं. दोघांनी मिळून बाल्टिक समुद्रातल्या कील उपसागराचा तळ धुंडाळायला घेतला. नुसते शिंपले आणि गोगलगायी गोळा करून त्यांना लॅटिन नावं द्यायची, ही त्या काळची रीत. या दोघांनी त्यापलीकडची माहितीही टिपली. पाणी किती खोल, किती खारट, उन्हाळ्यात किती उबदार, हिवाळ्यात किती थंड, तळाशी वाळू की चिखल की समुद्रगवत, आणि अशा जागी कोणकोणते प्राणी एकत्र सापडतात. या पाहणीचे दोन खंड १८६५ आणि १८७२मध्ये निघाले. पहिल्या खंडाने मोबियस यांचं नाव झालं आणि १८६८मध्ये कील विद्यापीठाने त्यांना प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावलं.

सरकारला हवं होतं ते उत्तर

या नेमणुकीच्या चारच वर्षं आधी, १८६४च्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला होता आणि श्लेस्विगचा पश्चिम किनारा त्याच्या हातून गेला होता. हा किनारा उत्तर समुद्राचा, वाडन समुद्र नावाने ओळखला जाणारा. ओहोटीला मैलोनमैल चिखल-वाळूची मैदानं उघडी पडतात आणि भरतीला पुन्हा पाण्याखाली जातात. मैदानांमधून खोल पन्हळी जातात आणि त्यांच्या उतारांवर झिल्ट, अमरुम आणि फ्योर या बेटांच्या आसपास कालवांचे सुमारे पन्नास पट्टे होते. पट्टा म्हणजे समुद्रतळावरची ती जागा, जिथे कालवं जुन्या शिंपल्यांवर चिकटून दाटीवाटीने राहतात. हे पट्टे इतके मोलाचे होते की डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १५८७मध्येच ते राजाच्या मालकीचे ठरवले होते. आता ते प्रशियाच्या खजिन्यात आले होते आणि त्यांचं उत्पन्न कसं वाढवता येईल याचा विचार सरकारात सुरू होता.

डोळ्यांसमोर फ्रान्सचं उदाहरण होतं. तिथले कालवांचे पट्टे ओरबाडून ओस पडत चालले होते. तेव्हा व्हिक्टर कोस्त या शास्त्रज्ञांनी सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या पाठबळावर कालवांची शेती उभी करण्याचा घाट घातला. १८५८मध्ये सेंट-ब्रियूच्या उपसागरात त्यांनी मोठा प्रयोग केला. त्याचा गाजावाजा युरोपभर झाला, पण तो टिकला नाही. आर्काशोंच्या आडोशाच्या खाडीत मात्र चुन्याचा लेप दिलेल्या कौलांवर कालवांची पिल्लं धरण्याची रीत चांगली रुजली. मग आपल्या किनाऱ्यावरही असंच का करू नये? हे पाहून येण्यासाठी प्रशियाच्या सरकारने १८६९मध्ये मोबियस यांना फ्रान्स आणि इंग्लंडच्या किनाऱ्यांवर पाठवलं.

ते पाहून आले आणि १८७०मध्ये अहवालवजा पुस्तक लिहिलं. सरकारला हवं होतं ते उत्तर त्यात नव्हतं. आर्काशोंची खाडी शांत आणि उबदार. वाडन समुद्रात वादळी लाटा, सरकती वाळू, आणि हिवाळ्यात भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होत सगळं चिरडणारा बर्फ. तिथे कौलं मांडून काही साधणार नाही. आपल्या किनाऱ्यावर कालवं वाढवायची तर आहेत ते नैसर्गिक पट्टे राखणं हाच मार्ग, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या धंद्याची स्वप्नं पाहणाऱ्यांना तो रुचण्यासारखा नव्हता. पण कीलच्या पाहणीतून ते एक गोष्ट शिकले होते. एका जागचा जीव दुसऱ्या जागी न्यायचा तर तिथलं पाणी, तळ आणि हवाही सोबत नेता येत नाही.

एका टेबलाभोवती चौघे

याच वर्षी, १८७०मध्ये, कीलला एक नवी संस्था जन्माला आली. जर्मन समुद्रांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी नेमलेला हा आयोग होता. त्यात चार माणसं प्रमुख होती. मायर कारखानदार आणि समुद्राचे जाणते, गुस्ताफ कार्स्टन भौतिकशास्त्रज्ञ, व्हिक्टर हेन्झेन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि मोबियस प्राणिशास्त्रज्ञ. आज अशा आंतरशाखीय समित्या गल्लोगल्ली असतात. तेव्हा ही गोष्ट नवी होती. मासे आणि कालवं का कमी होतात हे कळायचं तर पाण्याचं तापमान मोजणारा, खारटपणा मोजणारा, अंडी मोजणारा आणि प्राणी ओळखणारा असे सगळे एकत्र बसायला हवेत, हे या आयोगाने प्रत्यक्ष करून दाखवलं.

किनाऱ्यावर ठिकठिकाणी निरीक्षण केंद्रं बसवली गेली. तिथे ठरल्या वेळी, ठरल्या पद्धतीने पाण्याची नोंद व्हायची. कोळ्यांकडून मासेमारीच्या नोंदी मागवल्या जायच्या. १८७१मध्ये ‘पोमेरानिया’ या जहाजातून बाल्टिक समुद्राची आणि १८७२मध्ये उत्तर समुद्राची सफर झाली. आयोगातल्या हेन्झेन यांनी पुढे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना ‘प्लवक’ या अर्थाचं ‘प्लँक्टन’ हे नाव दिलं. मासे मोजता येत नसतील तर समुद्रातली त्यांची अंडी मोजून अंदाज बांधता येईल, ही युक्तीही त्यांचीच.

मोबियस यांनी आपल्या वाट्याला कालवं घेतली.

चव्वेचाळीस कोटींतून ४२१

१८७७मध्ये बर्लिनला त्यांचं छोटेखानी पुस्तक निघालं. विषय होता कालव आणि कालवांचा व्यवसाय. त्याचा गाभा म्हणजे एक हिशोब.

श्लेस्विगच्या पट्ट्यांच्या तपासणीच्या नोंदी त्यांनी चाळल्या. त्यांवरून दिसलं की पूर्ण वाढलेल्या हजार कालवांमागे अर्धवट वाढलेली सरासरी ४२१ कालवं असतात. म्हणजे मोठ्यांची जागा घ्यायला तयार होत असलेली पुढची पिढी एवढीच. आता एका कालवाला सुमारे दहा लाख पिल्लं होतात. हजारांतली ४४० कालवं एका हंगामात वीण करतात असं धरलं तर पिल्लं झाली चव्वेचाळीस कोटी. त्यांतून अर्धवट वाढीपर्यंत पोचली ४२१. भागाकार केला तर साधारण १० लाख ४५ हजार पिल्लांमध्ये जगतं ते एक.

सगळ्यांनी ‘दहा लाख अंडी’ हा आकडा सुबत्तेची खूण म्हणून वाचला होता. मोबियस यांनी तो उलटा वाचला. एखाद्या जीवाला दहा लाख अंडी घालावी लागतात, त्याअर्थी त्याची पिल्लं जवळजवळ सगळी मरतात. पुढची पिढी उभी राहते ती अगदी काठावर. तेव्हा पट्ट्यावरून वर्षाला किती कालवं काढायची याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. हजारांमागे चारशेच्या घरात भर पडत असेल, तर त्याहून अधिक काढणारा व्याज खात नाही, मुद्दल खातो.

पिल्लं मरतात कुठे? युरोपातल्या या कालवाची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. नराने पाण्यात सोडलेले शुक्राणू ती श्वासाच्या पाण्याबरोबर आत ओढते आणि आठ-दहा दिवस पिल्लं आपल्या शिंपल्यातच सांभाळते. मग ती बाहेर पडतात, आठवडा-दोन आठवडे पोहतात आणि त्या काळात माशांच्या, खेकड्यांच्या तोंडी जातात किंवा प्रवाहाबरोबर वाहून जातात. वाचलेल्यांना चिकटायला कठीण, स्वच्छ जागा लागते. सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे जुन्या कालवांचे शिंपले. चिखलावर पडलेलं पिल्लू गुदमरून मरतं.

म्हणजे लोखंडी चौकटीची जाळी ओढून पट्टा खरवडला की एकदम तीन नुकसानं होतात. वीण करणारे आईबाप जातात. उरलेले एकमेकांपासून लांब पडल्याने शुक्राणू मादीपर्यंत पोचण्याचा संभव घटतो. आणि पिल्लांनी चिकटायचं ते घरच उचकटलं जातं. म्हणूनच विरळ झालेला पट्टा सावकाश भरून न येता पुष्कळदा कायमचाच बसतो.

मोकळी जागा मोकळी राहत नाही

याचा दाखला मोबियस यांना फ्रान्समध्ये मिळाला. रोशफोर, मारेन आणि ओलेरों या भागातल्या पट्ट्यांवर १८५३-५४च्या हंगामात एक कोटी आणि पुढच्या हंगामात दीड कोटी कालवं निघाली होती. रेल्वेमुळे समुद्राचा माल दूरच्या शहरांत ताजा पोचू लागला होता आणि मागणी वाढतच होती. उपसा थांबला नाही. १८६३-६४मध्ये त्याच पट्ट्यांवर अवघी चार लाख कालवं हाती लागली.

पण मोबियस यांचं लक्ष आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. ओस पडलेल्या जागी आता खुबे आणि काळ्या शिंपल्या राहायला आल्या होत्या. कालवांना मिळायचं ते अन्न आता त्या खात होत्या, कालवांची जागाही त्यांनी धरली होती. आता उपसा थांबवला तरी कालवांच्या पिल्लांना घर कुठून मिळणार?

यातून त्यांनी मांडलं ते असं. कालवांचा पट्टा म्हणजे कालवांचा ढीग नव्हे. तिथे कालवं असतात, शिंपल्यांवर वाढणारे जीव असतात, खेकडे, तारामासे, किडे, शेवाळं असतं. तिथलं पाणी, तळ आणि अन्न यांच्या मापात प्रत्येकाची संख्या ठरलेली असते. त्यातलं काहीही बदललं, मग ते तापमान असो, खारटपणा असो की माणसाने उपसलेला माल, तरी सगळ्यांचे आकडे हलतात. या समूहाला नेमका शब्द नव्हता, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘जीवन’ आणि ‘सामायिक’ या अर्थाच्या शब्दांवरून त्यांनी नवा शब्द घडवला, बायोसिनोसिस. मराठीत आपण त्याला जीवसमुदाय म्हणतो. पर्यावरणशास्त्र हे नाव एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६मध्येच दिलं होतं, परिसंस्था ही संज्ञा यायला १९३५ साल उजाडलं. या दोहोंच्या मधला महत्त्वाचा टप्पा खाण्याच्या ताटातल्या एका शिंपल्याच्या हिशोबातून गाठला गेला.

एक पुस्तक, दोन किनारे

पुस्तकाची दखल सर्वांत आधी घेणाऱ्यांत अमेरिका होती. तिथल्या चेसापीक उपसागरातही कालवांची लूट चालली होती. अमेरिकी मत्स्य आयोगाने पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करून १८८३मध्ये आपल्या अहवालात छापलं. त्याच सुमारास मेरीलँड राज्याने विल्यम कीथ ब्रुक्स या प्राणिशास्त्रज्ञांना कालव आयोगावर नेमलं होतं. उपसागरात अजून विक्रमी उत्पादन होत असतानाच ब्रुक्स यांनी धोक्याची सूचना दिली. तीही फारशी कुणी ऐकली नाही. पुढच्या काही दशकांत तिथलं उत्पादन कोसळलं.

मोबियस मात्र कालवांपाशीच थांबले नाहीत. १८७४-७५मध्ये मॉरिशस आणि सेशेल्सची सफर करून त्यांनी हम्बोल्ट वाचताना पाहिलेलं स्वप्न पुरं केलं. कॅनडातल्या खडकांत सापडलेला, पृथ्वीवरचा सर्वांत जुना जीव म्हणून गाजत असलेला एक ‘जीवाश्म’ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासला आणि तो जीवाश्म नाहीच, खनिजांची नक्षी आहे, असं दाखवून दिलं. उडणारे मासे पंख फडफडवत नाहीत, नुसते तरंगत जातात, हेही त्यांनी सविस्तर मांडलं.

१८८०च्या दशकाच्या शेवटी ते बर्लिनला गेले. १८८९मध्ये तिथे निसर्ग संग्रहालयाची नवी इमारत उघडली. तिची मांडणी त्यांच्या विचाराने झाली. अभ्यासकांसाठीचा प्रचंड संग्रह वेगळा आणि लोकांना पाहण्यासाठी निवडक, नीट समजावून दिलेल्या वस्तू वेगळ्या. आज जगातली बहुतेक मोठी संग्रहालयं याच रीतीने चालतात. शाळामास्तर शेवटपर्यंत शाळामास्तरच राहिले, असं म्हणायला हरकत नाही. १९०५मध्ये, ऐंशीव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि २६ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

कीलच्या आयोगाने घालून दिलेला धडा त्यांच्या हयातीतच पुढे गेला. समुद्राला देशांच्या सीमा नसतात, तेव्हा मोजमापही एकत्रच करायला हवं, हे पटून उत्तर युरोपातल्या देशांनी १९०२मध्ये कोपनहेगनला समुद्र-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. कोणत्या माशाचा साठा किती आणि किती धरावा, याचा शास्त्रीय सल्ला आजही तीच परिषद देते.

हिशोब बरोबर, पट्टे रिकामे

मग मोबियस यांनी ज्यांचा हिशोब मांडला त्या श्लेस्विगच्या कालवांचं काय झालं? ती वाचली नाहीत. मधूनमधून उपसा थांबवला गेला, पण पट्टे पुन्हा थोडे भरले की जाळी पुन्हा फिरायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनीच्या उत्तर समुद्रातून हे देशी कालव नाहीसं झालं. १९८०च्या दशकात झिल्ट बेटावर कालवांची शेती सुरू झाली ती मुळात पॅसिफिक महासागरातल्या जातीची. शेतातून निसटून ती जात आता वाडन समुद्रभर पसरली आहे. मोकळी जागा मोकळी राहत नाही, हे मोबियस यांचं निरीक्षण असंही खरं ठरलं.

कालवं गेली म्हणजे केवळ एक पक्वान्न गेलं असं नाही. मोठं कालव दिवसाला शंभराहून अधिक लीटर पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव आणि गाळ वेगळा करतं. दाट पट्टा हा समुद्राचा गाळणीकारखानाच असतो. शिवाय असंख्य माशांच्या पिल्लांना तो आसरा देतो आणि तळाची वाळू धरून ठेवतो. हे सगळं पट्ट्याबरोबर जातं आणि त्याचा जमाखर्च कोणत्याही बाजाराच्या वहीत लिहिलेला नसतो.

आता हे देशी कालव परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात पुढे आहेत. २०१७मध्ये बर्लिनला युरोपभरचे अभ्यासक एकत्र आले आणि देशी कालवांच्या पुनर्वसनासाठी एक जाळं उभं राहिलं. त्यांच्यापुढचे प्रश्न मोबियस यांच्या ओळखीचेच आहेत. पिल्लांना चिकटायला स्वच्छ शिंपले किंवा दगड कुठून आणायचे, जाळ्यांपासून सुरक्षित तळ कुठे निवडायचा, पाण्याचा प्रवाह पिल्लांना कुठे नेतो. एक प्रश्न नवा आहे. १९७९मध्ये फ्रान्समध्ये आढळलेला बोनामिया नावाचा परजीवी या कालवांना मारतो, म्हणून बियाणं रोगमुक्त असल्याची खात्री आधी करावी लागते. एका देशाने निष्काळजीपणे हलवलेली कालवं दुसऱ्या देशाची मेहनत पाण्यात घालू शकतात. त्यामुळे इथे नोंदी, तपासण्या आणि नियम सगळ्यांचे एक असावे लागतात.

राखणं स्वस्त आणि परत आणणं महाग, हे या कामात पदोपदी जाणवतं. जे पट्टे जुन्या शिंपल्यांवर पिढ्यानपिढ्या आपोआप वाढले, ते आता दगड टाकून, पिल्लं मोजून, वर्षानुवर्षं पाळत ठेवून वितीवितीने उभे करावे लागत आहेत. मोबियस यांच्या वहीत दहा लाख पंचेचाळीस हजारांत एक जगत होतं. आज त्या एकाला जगवण्यासाठी अनेक देशांच्या प्रयोगशाळा राबत आहेत.